कारखान्याचे शहर आणि बाबासाहेब

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की आपल्या मोबाईलवर एक यादी फिरू लागते. दामोदर धरण, हिराकुड धरण, रिझर्व्ह बँक, कामाचे आठ तास, सेवायोजन कार्यालय, आणि शेवटी जयभीम. यादी भक्तिभावाने केलेली असते, त्यामुळे तिची चेष्टा करण्याचे कारण नाही. पण यादीत माणूस दिसत नाही. हे सगळे एकाच माणसाला का सुचत गेले, त्याच्या मनात असा कोणता प्रश्न होता की धरण, वीज, खाण, चाळ आणि कामगाराचा पगार या गोष्टी त्याला एकाच धाग्यात दिसल्या, हे यादी सांगत नाही. तो धागा असा: गावात ज्याला जमीन नाही आणि मान नाही, तो उठून कारखान्याच्या शहरात जातो. तिथे गेल्यावर त्याचे काय होते? बाबासाहेबांच्या आयुष्याकडे या एका प्रश्नातून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भीमराव जन्मले ते महूला, १४ एप्रिल १८९१ रोजी. महू म्हणजे लष्करी छावणी. तिथे बराकी, बाजार, शाळा हे सगळे सरकारने आखून वसवलेले. वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत. गावगाड्याच्या बाहेर, सरकारने आखलेल्या वस्तीत एका महार कुटुंबाला शिक्षण मिळाले, पगार मिळाला, घरात पुस्तके आली. पुढे त्याच सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. एका हुकमाने उघडलेले दार दुसऱ्या हुकमाने बंद होते, हा धडा त्या घराला फार लवकर मिळाला.

रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. रामजींना नोकरी लागली ती खटाव तालुक्यातल्या गोरेगावला. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलावाचे खोदकाम काढले होते आणि रामजी तिथले खजिनदार होते. १९०१ साली भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच कोणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना, शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून जावे लागले, रात्रभर पाणी मिळाले नाही. ही हकिगत आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. मात्र ती सांगताना तलाव सुटून जातो. एका बाजूला सरकार पाणी साठवण्यासाठी तळे खोदते आहे, हजारो हात कामाला लावते आहे, त्याचा हिशेब एक महार ठेवतो आहे. आणि त्याच हिशेबनिसाच्या मुलांना वाटेत घोटभर पाणी मिळत नाही. या मुलाने पुढे चव्वेचाळीस वर्षांनी एका अख्ख्या नदीखोऱ्याच्या बैठकीचे अध्यक्षपद भूषवले, तेव्हा पाणी कोणाचे हा प्रश्न त्याच्यासाठी पुस्तकी नव्हता.

साताऱ्याचीच आणखी एक गोष्ट. वडिलांनी दुसरे लग्न केले ते मुलाला रुचले नव्हते आणि आपल्या पायावर उभे राहायचे त्याच्या डोक्यात होते. साताऱ्याकडची पोरे मुंबईच्या गिरण्यांत लागतात हे त्याने ऐकले होते. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी लांबवायची असे ठरवून तो तीन रात्री झटला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली तर आत अर्धा आणा. त्या दिवशी त्याने अभ्यास करायचा निश्चय केला असे चरित्रकार सांगतात. त्या पिशवीत रुपया असता तर आपल्या इतिहासात एक गिरणी कामगार वाढला असता.

मुंबईला तो आलाच, पण १९०४ साली, वडिलांबरोबर, शिकायला. परळच्या डबक चाळीत एक खोली. तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा, तीच अभ्यासाची. मुलगा आधी झोपायचा, वडील जागे राहायचे आणि पहाटे दोनला त्याला उठवून स्वतः आडवे व्हायचे, कारण दोघांना एकाच वेळी पाय पसरता येतील एवढी जागाच नव्हती. आजूबाजूला गिरण्यांची धुराडी. पुढे कुटुंब परळच्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत गेले. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबई सरकारला जाग आली आणि १८९८ मध्ये हा ट्रस्ट निघाला. दाट वस्त्या पाडणे, रस्ते काढणे, कामगारांसाठी चाळी बांधणे हे त्याचे काम. आपल्याकडे याला आजही बीआयटी चाळ म्हणतात. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला माणूस १९३४ पर्यंत त्याच चाळीत राहिला. शहर आखणे म्हणजे काय आणि न आखणे म्हणजे काय, हे त्याला नकाशावर बघावे लागले नाही. सार्वजनिक नळ आणि संडासाची रांग पुरेशी होती.

१९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, तिथून लंडनला. शिष्यवृत्ती बडोदा संस्थानची, म्हणून परतल्यावर १९१७ मध्ये बडोद्यात नोकरी. सयाजीरावांचे बडोदे म्हणजे तेव्हाचे पुढारलेले शहर. कॉलेज, ग्रंथालय, बागा. नोकरी वरच्या दर्जाची. आणि राहायला घर नाही. हिंदू खाणावळीत घेईनात, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली मंडळी दारात उभी राहिली. सरकारी बंगल्यासाठी केलेली विनंती फायलीतच पडून होती. ते कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. या प्रसंगाकडे आपण अपमानाची कहाणी म्हणून पाहतो आणि ते बरोबरच आहे. पण समाजशास्त्र शिकताना मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. नोकरी देणारा राजा आणि घर देणारे शहर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हुकमाने मिळते. दुसरी कोणीतरी आधी बांधून, नियम लावून ठेवलेली असावी लागते. पुढच्या आयुष्यात बाबासाहेबांनी कामगाराच्या प्रश्नात घराचा प्रश्न कधी सोडला नाही.

बडोद्याहून परतल्यावर, १९१८ साली, सत्तावीस वर्षांच्या या बेकार अर्थशास्त्रज्ञाने भारतातील लहान शेतजमिनींवर एक प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. आपल्या वाचनात तो फारसा येत नाही, कारण त्यात जातीचा शब्द जवळजवळ नाही. त्या काळात सरकारी समित्या आणि विद्वान म्हणत होते की शेतीचे तुकडे पडतात म्हणून शेतकरी गरीब आहे. वारसा कायदा बदला, तुकडे एकत्र करा. तरुण आंबेडकरांनी हे उलटे करून मांडले. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे एकराने ठरत नाही. त्या तुकड्यावर किती हात, किती बैल, किती अवजारे, किती भांडवल आहे यावर ठरते. तीन एकरांवर पाच माणसे आणि एकही धड बैल नाही अशी स्थिती असेल तर ते तीन एकर एकत्र असले काय आणि विखुरलेले असले काय, फरक पडत नाही. जादा हात जमिनीवर पडून राहतात, पिकवत काही नाहीत, पण खातात. त्यामुळे शिल्लक उरत नाही, शिल्लक नाही म्हणून भांडवल नाही, आणि भांडवल नाही म्हणून जमीन सुधारत नाही. यावर उपाय शेतात नाही, शेताबाहेर आहे. उद्योग वाढवा, जादा हात तिकडे जाऊ द्या, मग जमिनीवरचा भार आपोआप हलका होईल. अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ साली याच धर्तीचा सिद्धांत मांडला आणि पुढे त्यांना नोबेल मिळाले. लुईस कॅरिबियन बेटावरचे कृष्णवर्णीय. हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो.

निबंधात जात नसली तरी तो कोणाबद्दल आहे हे कळायला वेळ लागत नाही. जमिनीवरचे जादा हात म्हणजे बहुतेक ठिकाणी बिनजमिनीचे हात, आणि ते कोणाच्या वस्तीत राहतात हे आपल्याला माहीत आहे.

इथपर्यंतचे बाबासाहेब वाचले की सोपा निष्कर्ष निघतो: खेडे सोडा, शहरात या, जात मागे पडेल. आपल्याकडे भाषणांतून त्यांचा विचार एवढ्यावरच आवरला जातो. पण परळमध्ये राहणाऱ्या माणसाला एवढे सोपे उत्तर परवडणारे नव्हते, कारण समोरच्या गिरणीत रोज वेगळेच दिसत होते. मुंबईच्या कापड गिरण्यांत चांगला पगार विणकाम खात्यात, म्हणजे साच्यांवर मिळे. त्या खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. कारण असे की धोट्यातली कांडी बदलताना धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला महाराचे तोंड लागले त्याला आपले तोंड कसे लावायचे, असे सवर्ण कामगार म्हणत. यंत्र लँकेशायरचे, भांडवल मुंबईचे, झेंडा लाल, आणि विटाळ गावचा. अस्पृश्य कामगार कमी पगाराच्या सूतकताईच्या खात्यांत अडकून राहिला.

१९२८ च्या एप्रिलपासून गिरण्यांचा प्रचंड संप झाला, तो सहा महिने चालला. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांपुढे हा मुद्दा ठेवला. सर्व खात्यांत काम करण्याचा आमच्या माणसांचा हक्क मागण्यांत घाला, नाहीतर मी त्यांना संपात राहा असे सांगणार नाही. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घातली. मालकांपुढे ती गेली तेव्हा मालकांनी सांगितले की हा अन्याय आहे खरा, पण तो आम्ही केलेला नाही. आणि हे खरेच होते. गिरणीच्या नियमांत अशी बंदी कुठे लिहिलेली नव्हती. जिथे काही लिहिलेले नसते तिथे रूढी राज्य करते.

मला वाटते बाबासाहेबांच्या औद्योगिक विचाराची किल्ली इथे आहे. शहर जात आपोआप मोडत नाही. ती नव्या खात्यांत, नव्या चाळींत वाटून बसते. म्हणून शहर आणि कारखाना उभारतानाच कोण कुठल्या दाराने आत येणार, कोणाला कुठले काम, कुठले घर, किती तास, हे लिहून ठेवले पाहिजे, आणि त्यामागे कायद्याचे बळ हवे.

१९३० ते १९४० ही दहा वर्षे गोलमेज परिषद, पुणे करार, येवला यांनी भरलेली आहेत आणि ती आपल्याला पाठ आहेत. या लेखापुरते तीनच प्रसंग. १९३६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पक्ष काढला तो स्वतंत्र मजूर पक्ष, नावातच मजूर. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे त्यांनी दाखवून दिले की रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टर स्टेशनमास्तरच्या घरी वरकामही करतो, आणि त्या घरात अस्पृश्याला पाऊल ठेवता येत नाही. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, ही त्यांची मांडणी याच परिषदेतली. तिसरा प्रसंग ७ नोव्हेंबर १९३८ चा. संपावर बंधने घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्यांनी कम्युनिस्टांबरोबर मुंबईत एक दिवसाचा संप केला. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी भांडले त्यांच्याच मांडीला मांडी लावून.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. एका अस्पृश्याला हिंदुस्थान सरकारचे मंत्रिपद, म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो. काँग्रेसवाल्यांनी त्याबद्दल त्यांना इंग्रजांचा माणूस म्हणून हिणवले. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. त्या खात्याकडे नुसता मजूर नव्हता. खाणी, सार्वजनिक बांधकाम, वीज, पाणी हे सगळे विषय तिथे येत होते. म्हणजे १९१८ च्या निबंधात ज्या उद्योगांची मागणी केली होती, त्यांचा पाया आणि त्यांत राबणारा माणूस, दोन्हींच्या फायली एकाच टेबलावर आल्या. टेबल त्यांचे होते.

ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर पुनर्रचनेच्या विजेविषयक समितीपुढे बोलताना त्यांनी विचारले की वीज कशासाठी हवी. दिवे लावण्यासाठी नव्हे. स्वस्त आणि भरपूर वीज नसेल तर या देशात उद्योग उभे राहणार नाहीत, आणि उद्योग नसतील तर लोकांना दारिद्र्याच्या चक्रातून बाहेर काढता येणार नाही. म्हणून विजेवर खाजगी मालकी असावी की सरकारी, हा प्रश्न त्यांनी सर्वांत आधी मांडला. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि १९४५ मध्ये जलमार्ग, सिंचन आणि नौकानयनाचा केंद्रीय आयोग निघाला.

दामोदर नदीची गोष्ट याच काळातली. छोटा नागपूरच्या डोंगरांत उगम, पुढे कोळशाचा पट्टा, मग बंगालचा सपाट मुलूख. जुलै १९४३ मध्ये तिला मोठा पूर आला, बांध फुटला, रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रस्ता तुटला, आणि तेही बंगालच्या भीषण दुष्काळाच्या वर्षात. चौकशी समितीत भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. अमेरिकेत १९३३ पासून टेनेसी नदीच्या खोऱ्यात एकच प्राधिकरण पूर, वीज, पाणी, उद्योग हे सगळे मिळून बघत होते, तसे इथे करा, असा आग्रह समितीने धरला. विद्यार्थीदशेत साहांनीही वसतिगृहात जातीचा जाच सोसला होता. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण नदीपाशी त्या एकत्र आल्या.

अडचण अशी की धरणांनी बुडणार होती ती बिहारची जमीन आणि पुरापासून वाचणार होता तो बंगाल. ३ जानेवारी १९४५ रोजी कोलकात्यात केंद्र, बंगाल आणि बिहार यांची बैठक बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा. त्यांचा सगळा भर एका गोष्टीवर होता. नुसता पूर अडवायचा नाही. वीज, शेतीचे पाणी, जलवाहतूक सगळे एकाच योजनेत आणायचे. नोव्हेंबरमध्ये कटकला ओरिसाच्या नद्यांबद्दल बोलतानाही त्यांनी हाच मुद्दा लावून धरला: जादा पाणी हे संकट नाही, ते साठवले नाही हे संकट. हिराकुडची वाट तिथून निघाली.

इथे यादीवाल्यांना एक विनंती. दामोदर योजनेचा तांत्रिक आराखडा टेनेसीहून आलेल्या व्हॉर्डुइन या अभियंत्याचा आहे. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ मध्ये झाला तेव्हा विधेयक मांडणारे मंत्री काकासाहेब गाडगीळ होते. आठ तासांच्या दिवसाबद्दल सांगायचे तर १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला; चौदा तासांवरून आठ तास असे जे फिरते ते तसे नाही. हे सांगितल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. भांडणाऱ्या तीन सरकारांना एका टेबलावर बसवून नदीला एकच मालक हवा हे पटवणे, हे काम त्यांचे होते. आणि फुगवलेला आकडा कोणी खोडून काढला की खरा आकडाही लोक मानत नाहीत.

त्या खोऱ्यातल्या माणसांकडे ते आधीच जाऊन आले होते. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत ते प्रत्यक्ष जमिनीखाली उतरले, कामगारांच्या वस्त्या पाहिल्या. खाणीतल्या या वस्त्यांना तिकडे धौडा म्हणतात: काळोख्या, एका दाराच्या खोल्यांची रांग. दोन महिन्यांच्या आत, जानेवारी १९४४ च्या अखेरीस, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून घरे, पाणी, दवाखाने करायचे. मालकाच्या दयेवर काही ठेवलेले नाही, ही त्यातली मेख. टनामागे पैसा कापलाच जाणार.

त्या काळातले सगळेच निर्णय आपल्याला आवडतील असे नाहीत. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून सरकारने १९४३ मध्ये स्त्रियांना खाणीत जमिनीखाली उतरवण्यावरची बंदी उठवली, आणि कायदेमंडळात त्याचे समर्थन करायला मजूर सदस्य म्हणून बाबासाहेबांनाच उभे राहावे लागले. आणीबाणी आहे, हे कायमचे नाही, आणि जमिनीखाली स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, असे त्यांनी सांगितले. बंदी १९४६ च्या फेब्रुवारीत परत आली. समान मजुरीचे तत्त्व मोठे खरे; पण ज्या बाया पोट वाढलेले असताना त्या अंधारात उतरल्या त्यांच्या बाजूने पाहिले तर हा निर्णय मला पटत नाही. सरकारात बसण्याची किंमत असते आणि ती त्यांनी मोजली.

दुसरीकडे त्यांच्या खात्याने माहिती जमवण्याचा धडाका लावला होता. १९४४ मध्ये रेगे समिती नेमली गेली. देशभरच्या कारखान्यांत, खाणींत, मळ्यांत मजुरी किती, घर कसे, कर्ज किती याची पाहणी तिने केली. समाजकार्याच्या क्षेत्रात आम्ही आज घरोघर जाऊन फॉर्म भरतो, तेव्हा मला त्या समितीची आठवण होते. अदारकरांच्या आरोग्य विम्याच्या अहवालातून पुढे ईएसआयचा कायदा आला. युद्ध संपताना सेवायोजन कार्यालये निघाली, म्हणजे नोकरीची वाट मुकादम आणि जॉबर यांच्या हातून काढून सरकारी खिडकीवर आणली गेली. मुकादम आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस लावतो, हे परळच्या रहिवाशाला कोणी सांगायला नको होते.

१९४७ मध्ये त्यांनी संविधान सभेसाठी जे निवेदन तयार केले त्यात हा विचार टोकापर्यंत नेलेला दिसतो. मूलभूत आणि महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे, शेतीसुद्धा राज्याचा उद्योग, आणि अस्पृश्यांसाठी पडीक सरकारी जमिनीवर नवी स्वतंत्र गावे वसवणारा वसाहत आयोग. नवे उद्योग आणि नवी वस्ती, दोन्ही संविधानात लिहून ठेवायचे, म्हणजे पुढच्या बहुमताला ते सहज मोडता येणार नाही. ते मान्य झाले नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी जे संविधान लिहिले त्यात यातले थोडेच उतरले. खेड्याला राज्याचा पाया माना, या मागणीला मात्र त्यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये सभागृहात जे उत्तर दिले ते अनेकांना अजून बोचते.

पुढे १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळ सोडले, प्रकृती ढासळत गेली, आणि शेवटची वर्षे बुद्धाच्या धम्माच्या अभ्यासात गेली. दादरच्या आपल्या घराला त्यांनी आधीच राजगृह हे मगधाच्या जुन्या राजधानीचे नाव दिले होते. बुद्धाच्या काळी धम्म पसरला तो राजगृह, श्रावस्ती, वैशाली अशा व्यापाराच्या, कारागिरांच्या नगरांमधून, हे त्यांच्यासारख्या अभ्यासकाच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली तीही गिरण्यांच्या, रेल्वेच्या नागपुरात. ६ डिसेंबरला दिल्लीत महापरिनिर्वाण. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर लोटलेल्या लाखोंमध्ये गिरणी कामगार किती होते हे कोणी मोजले नाही.

त्याच वर्षी दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली होती. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर असे तीन सरकारी पोलाद कारखाने, प्रत्येकाची क्षमता दहा लाख टनांची, आणि प्रत्येकाभोवती आखलेले शहर: सेक्टर, क्वार्टर, शाळा, इस्पितळ. दुर्गापूर दामोदरच्या काठी, नंतर आलेले बोकारोही त्याच खोऱ्यात. जमशेदपूर एका कंपनीचे शहर होते. ही शहरे राष्ट्राची होती. तिथल्या कायम कामगारांमध्ये दलित-आदिवासींना राखीव जागांमुळे शिरता आले, एका रांगेत क्वार्टर मिळाले, मुले एका शाळेत गेली. जोनाथन पॅरी या मानवशास्त्रज्ञाने भिलाईत अनेक वर्षे राहून केलेला अभ्यास याबद्दल वाचण्यासारखा आहे. कारखान्याच्या आत जातीची धार बोथट झाली, पण कायम आणि ठेकेदारी कामगार यांच्यात नवी भिंत उभी राहिली, असे त्यांना दिसले. क्वार्टर एकाला, झोपडी दुसऱ्याला. भट्टी तीच. ठेकेदाराचा माणूस कायद्याच्या कागदावर येत नाही, आणि बाबासाहेबांची सगळी धडपड कागदावर आणण्याची होती.

दामोदरवर आठ धरणे व्हायची होती, महामंडळाने चार बांधली. तिलैया, कोनार, मैथन आणि शेवटचे पंचेत. हजारो कुटुंबे उठली, त्यांत संथाळ पुष्कळ. पंचेतचे उद्घाटन झाले ६ डिसेंबर १९५९ रोजी, बाबासाहेबांना जाऊन बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी. पंतप्रधान नेहरूंनी कळ दाबायचा मान धरणावर मजुरी करणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या संथाळ मुलीला दिला. स्वागतात तिने नेहरूंच्या गळ्यात हार घातला होता. परक्या पुरुषाला हार घातला म्हणजे लग्न झाले, असे म्हणून तिच्या समाजाने तिला वाळीत टाकले. तिचे गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेले होते. १९६२ मध्ये धरणावरची तिची नोकरीही गेली.